अप्पांचे बूट आणि आमचा श्रावण

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. ज्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर 'श्रावण नियमभंग : श्री. नवले, सदनिका ३०४' असं लाल खडूने लिहिलं गेलं, त्या शनिवारपर्यंत मी श्रावणात मासा, मटण, अंडं यांतलं काहीही तोंडात घातलेलं नव्हतं. म्हणजे जन्मात नव्हतं. शाळेच्या सहलीत एका मुलाने मला श्रावणात अंड्याचा केक दिला होता, तो मी खिशात ठेवला आणि भाद्रपदात गणपती उठल्यावर खाल्ला. पोट बिघडलं, पण श्रावण मोडला नाही. असा मी माणूस. आणि फळ्यावर नाव कुणाचं, तर माझं! तेही लाल खडूने. पाण्याचा टँकर येणार नसेल तर आमच्याकडे पांढरा खडू वापरतात.

आणि हे सगळं कशामुळे, तर बुटांमुळे.

माझे सासरे रामकिसन, म्हणजे आमचे अप्पा, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि नगरकडच्या आपल्या गावी राहतात. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एका दिवाळीत सगळ्या गोतावळ्यासमोर त्यांनी आपले पलटणीतले बूट माझ्या हातात ठेवले. घोट्याच्या वर जाणारे, काळे, अस्सल चामड्याचे आणि वजनाला असे की दोन्ही हात लागावेत. "जावईबापू," अप्पा म्हणाले, "हे चालायसाठी केल्यात, ठिवायसाठी नाय. मला आता चालवत नाय. तुमी चाला." तीसेक नातेवाईक माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो. अशा वेळी दुसरं काही म्हणणारा जावई मला दाखवा.

मग मी बोईसरला परत आलो आणि बूट माळ्यावर ठेवले. आता यात माझं काय चुकलं? मी एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. कंपनीत कंपनीचे बूट घालावे लागतात, आणि घरापासून रिक्षापर्यंतचं अंतर सत्तर पावलं आहे. एवढ्यासाठी पलटणीचे बूट घालून निघालो असतो तर लोकांनी मला वॉचमन समजून गाडी लावायला किल्ली दिली असती.

पण अप्पा दर महिन्याच्या एक तारखेला फोन करायचे. अर्चनाची म्हणजे त्यांच्या लेकीची चौकशी, नातीची चौकशी, आणि मग, "बूट कसे हायेत?"

"एकदम मस्त, अप्पा. रोज नाक्यापर्यंत जाऊन येतो."

पहिल्या वर्षी नाका होता. दुसऱ्या वर्षी मी रोज बेटेगावपर्यंत जाऊ लागलो. पाचव्या वर्षापर्यंत मी दोनदा काळदुर्ग चढून आलो होतो, त्यातला एकदा धुक्यात. अप्पा इतके खूश व्हायचे की माझंच मन भरून यायचं. अर्चना मागून बघत असायची, आणि तिचं ते बघणं मला फार लागायचं.

श्रावणातल्या एका शनिवारी, एक तारीख नसतानाही, अप्पांचा फोन आला. "येत्या शुक्रवारी येतो. रविवारी त्या तुमच्या काळदुर्गाला जाऊ. मी पायथ्याला बसतो, तुमी वर जा." मग म्हणाले, "बूट चालताना बघायच्यात एकदा."

फोन ठेवून मी शिडी लावली.

आमच्या किनाऱ्याची हवा चामड्याचं काय करते हे ज्याने बघितलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पिशवी उघडली तर एका बुटावर पांढरी बुरशी होती आणि दुसऱ्यावर हिरवी. म्हणजे जोडसुद्धा जुळत नव्हता. चामडं पापडासारखं कडक झालं होतं, आणि डाव्या बुटाची तळाजवळची शिवण दोन बोटं उसवली होती.

"मी दर दिवाळीला सांगत होते, माळ्यावरून काढा म्हणून," अर्चना म्हणाली. ते खरंच होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

बुरशी पुसून मी बूट हवेला म्हणून जिन्याजवळ ठेवले. ही चूक झाली. आमच्या इमारतीत जिन्याजवळ ठेवलेली वस्तू ही सार्वजनिक समस्या समजली जाते. सोसायटीचे सेक्रेटरी हितेश चुरी खाली उतरता उतरता थांबले, वाकले, बुटात डोकावले आणि म्हणाले, "नवले साहेब, तांदळाच्या डब्यात पुरा. माझा मोबाईल पाण्यात पडला होता, तसाच वाचला." चौथ्या मजल्यावरच्या काकांनी केळ्याचं साल चोळायला सांगितलं. आणखी एकाने खोबरेल सुचवलं आणि आपल्या पणजोबांच्या वहाणांचा इतिहास सांगितला. तांदळाचा प्रयोग अर्चनाने डब्यासमोर उभं राहून हाणून पाडला. केळ्याच्या सालीने मुंग्या आल्या. बुटांनी अख्खी बाटली खोबरेल पिऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर चामडं होतं तसंच कडक, फक्त बुरशीने बाळसं धरलेलं. दरम्यान त्या काकांनी 'बुटांचं काय झालं' असं तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा तर माझ्या निष्काळजीपणावर बोलले. साल त्यांचं, मुंग्या माझ्या घरात, आणि निष्काळजी मी!

सोमवारी स्टेशनजवळच्या चांभाराकडे गेलो. त्याने डाव्या बुटाची शिवण घालून दिली, मग बूट हातात फिरवला, अंगठ्याने दाबला आणि मोठ्या दुःखाने म्हणाला, "साहब, चमड़ा असली है. प्यासा है बेचारा. इसको चरबी पिलाओ, फिर पानी में भी चलेगा."

"चरबी? किसकी?"

"जिसकी मिले."

मी त्याला सांगितलं की श्रावण चालू आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. "जूते का भी?" त्याने विचारलं.

मंगळवारी कंपनीच्या स्टोअरला गेलो. तिथे पाणी धरू नये म्हणून यंत्रांच्या पट्ट्यांना लावायचं एक मेणासारखं मलम असतं. स्टोअरकीपर म्हणाला, मागणीपत्र भरा आणि यंत्राचा क्रमांक लिहा. मी म्हणालो, यंत्र नाही, बूट आहेत. तो म्हणाला, मग सेफ्टी ऑफिसरची सही आणा. सेफ्टी ऑफिसर म्हणाले, बूट बघितल्याशिवाय सही करता येणार नाही. मी म्हणालो, उद्या आणतो. ते म्हणाले, पुढे लोखंडी टोपी नसलेले बूट गेटच्या आत आणता येत नाहीत. मी म्हणालो, मग तुम्ही गेटबाहेर येऊन बघा. ते म्हणाले, गेटच्या बाहेर माझा अधिकार चालत नाही. बावीस वर्षं मी त्या कंपनीत नोकरी केली आहे. एका डबीभर मलमासाठी मी दोन खिडक्यांवर हात जोडून उभा राहिलो आणि शेवटी स्टोअरकीपरने मला पंख्याखाली बसवून पाणी दिलं.

हे सगळं आमच्या लॅबमधला कमलेश ऐकत होता. तो दांडीचा, म्हणजे समुद्रकाठच्या गावचा. त्याचं सगळं घर मासेमारीतलं.

"साहेब, तुमी उगाच फिरता," तो म्हणाला. "आमचे लाकडाचे होड्या काय रेनकोट घालून जायच्या काय समुद्रात? त्यांना मुशीचं तेल लावायचे. त्याच्यात राळ. पाण्याची आत शिरायची हिंमत नाय."

मुशी म्हणजे छोटा शार्क. तिच्या काळजाचं तेल काढतात. श्रावणात हे चालेल का, यावर मी पूर्ण एक पाळी विचार केला. शेवटी असं ठरवलं की तेल बुटाला लागणार, पायालासुद्धा नाही, मग तोंडाचा प्रश्न येतोच कुठे? हा युक्तिवाद मला त्या वेळी अभेद्य वाटला होता.

बुधवारी सुटी झाल्यावर कमलेश मला मोटरसायकलवरून दांडीला त्याच्या आत्याकडे घेऊन गेला. साखरबाई ओट्यावर जाळं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून होड्या नुकत्याच समुद्रात गेल्या होत्या. आमचं काम ऐकून त्यांनी घराच्या मागून एक गंजलेला डबा आणला. तो कमलेशपेक्षा वयाने मोठा होता.

"आता समद्या होड्या फायबरच्या," त्या म्हणाल्या. "हे तेल कोन इचारत नाय. तुमी न्या."

त्यांनी झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरकून कुणाच्या तरी वाळत घातलेल्या जाळ्यात अडकलो. मी लॅबमध्ये काम करतो. वासांची मला सवय आहे, पोटापुरतं मी नाकानेच कमावतो. पण त्या वासाचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत.

"याला... थोडा वास येतो का?" मी विचारलं.

"कसला वास?" साखरबाईंनी खरोखर आश्चर्याने विचारलं. मग कमलेशकडे बघितलं. कमलेशने हवेत नाक फिरवलं आणि म्हणाला, "कसला?"

त्यांनी सगळी पद्धत सांगितली. तेल कोमट करायचं, राळ वितळवायची, चामडंही गरम पाहिजे, आणि शिवणीत बोटाने भरायचं. "चार दिस गेले का काय पन वास ऱ्हात नाय," असंही सांगितलं. मला वाटतं, चार दिवसांनी वास जात नाही, माणसाचं नाक जातं. पण ते मला उशिरा कळलं.

गुरुवारी मी रजा टाकली. अर्चना बहिणीकडे गेली होती, आमची स्नेहल कॉलेजला. चामडं गरम कशाने करायचं? उन्हाचा पत्ता नव्हता. स्नेहलचं केस वाळवायचं यंत्र दिसलं. डाव्या हातात ते यंत्र, उजव्या हाताच्या बोटांवर तेल, असा मी न्हाणीघरात दोन तास बसलो होतो. आणि खरं सांगतो, तेल आत मुरायला लागलं तसं ते चामडं मऊ पडत गेलं, काळंभोर होत गेलं, एखादं आजारी माणूस उठून बसावं तसं. उजव्या बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेले आकडे उजळले. अप्पांचा पलटणीतला नंबर होता तो. सहा वर्षं मी या माणसाला फोनवर थापा मारत होतो, आणि हे आकडे माझ्या डोक्यावर माळ्यात पडून होते. मला लाज वाटली. न्हाणीघरात एकटा बसून मी त्या बुटांची माफी मागितली, आणि मग शिवणीत आणखी एक थर भरला.

शुक्रवारी सकाळी स्नेहलने तेच यंत्र फिरवून केस वाळवले आणि कॉलेजला गेली. दोन तासांनी परत आली. "बाबा," ती म्हणाली, "माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. आणि स्टँडवरून दोन मांजरं माझ्यामागे रिक्षापर्यंत आली." तिने तीनदा शांपू लावला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तोवर वास जिन्याने वर गेला होता, नळाच्या डक्टमधून खाली उतरला होता. आता मला एक सांगा. आमचं गाव हे असं गाव आहे, की कारखान्यांकडून वारा आला तर लोक खिडकी लावून घेतात आणि पुढची मालिका बघतात. कोणत्या वाराला कोणता वास येतो हे आमची बालवाडीतली मुलं सांगतात. त्यावर कधी कुणी सभा घेतली? कधी फळ्यावर लिहिलं? आणि एका निरपराध मुशीच्या तेलासाठी अख्खी इमारत दारं उघडून जिन्यात उभी!

त्याच संध्याकाळी अप्पा आले. हातात काठी, गुडघ्याला पट्टा, पायात कापडी बूट. गॅलरीच्या कठड्यावर त्यांचे जुने बूट चकाकत होते. अप्पा दारातूनच बघत उभे राहिले. "जिवंत हायेत," एवढंच म्हणाले. मग त्यांचं नाक जरासं हललं.

"समुद्र जवळ आहे, अप्पा," मी म्हणालो. समुद्र तिथून कित्येक किलोमीटरवर आहे.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये तातडीची सभा बोलावली गेली. आता तो नियम काय होता ते सांगितलं पाहिजे, कारण इथूनच माझ्यावरच्या अन्यायाला सुरुवात होते. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने ठराव केला होता : 'श्रावण महिन्यात इमारतीत मासे, सुकी मासळी, मटण, अंडी शिजवू अथवा भाजू नयेत. वास हाच पुरावा समजण्यात येईल. सबबी ऐकून घेतल्या जाणार नाहीत. दोषी सदस्याचे नाव फळ्यावर लिहिण्यात येईल.' मसुदा उत्तम होता. मीच लिहिला होता. शेवटून दुसऱ्या वाक्यावर तर मी खूश होतो.

गेल्या श्रावणात या नियमाखाली एकच नाव लागलं होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या सपनाताईंचं. त्या माहीमच्या. त्यांचं म्हणणं असं होतं की वास स्वयंपाकघरातून येत नाही, गॅलरीतल्या मोगऱ्यातून येतो, कारण त्यांनी कुंडीत सुक्या मासळीचा कुटा घातला होता. त्यांच्या माहेरच्या वाडीत झाडांना तेच खत घालतात. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ताई, सबबी ऐकून घेतल्या जाणार नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तर शनिवारी खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत अप्पा बसले होते, सोसायटीचा काही कार्यक्रम आहे असं समजून, काठीवर दोन्ही हात ठेवून. हितेशनी माझ्याच अक्षरातला ठराव वाचून दाखवला. मग खाकरून म्हणाले, "नवले साहेब, सगळ्यांचं म्हणणं आहे की वास तीनशेचारमधून येतोय. काय शिजवलंत?"

माझ्याकडे उत्तर होतं. उत्तर तीन मजले वर गॅलरीत उभं होतं. धावत जाऊन बूट आणायचे आणि सगळ्यांच्या नाकाखाली धरायचे, एवढंच काम होतं. पण मग सांगावं लागलं असतं की हे बूट सहा वर्षं माळ्यावर कुजत पडले होते, आणि त्यांना परवाच तेल लावलंय. आणि अप्पा समोर बसले होते. माझ्याकडे बघून हसत होते, आपला जावई सभेत बोलायला उभा राहिला म्हणून.

मी अर्चनाकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"बोंबील," मी म्हणालो.

सभेत कुजबुज झाली. हितेश अविश्वासाने म्हणाले, "तुम्ही?"

"भाजले. चार."

"ओले का सुके?" मागून कुणीतरी विचारलं. "सुके," मी म्हणालो. "कुठून घेतलेत?" त्याच आवाजाने विचारलं. हे विचारणारे गृहस्थ कार्यकारिणीचे सदस्य होते, याची मी नोंद करून ठेवतो.

तेवढ्यात सपनाताई उठल्या. "खोटं हाय," त्या म्हणाल्या. "मी माहीमची. बोंबलाचा वास मला शिकवू नका. ह्यो बोंबील नाय."

मला वाचवायला अख्ख्या इमारतीतून एक माणूस उठलं, आणि तेही हे! आणि मला ओरडून सांगावं लागलं, "बोंबीलच आहेत! मी खाल्लेत, मला माहीत नाही का?"

"ताई, बसा," हितेश म्हणाले. "सबबी ऐकून घेतल्या जाणार नाहीत." आणि त्यांनी खिशातून लाल खडू काढला.

रात्रीच्या जेवणाला अर्चनाने न मागता माझ्या वरणावर दोनदा तूप वाढलं. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर असं झालं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही काळदुर्गाच्या पायथ्याला, वाघोबा खिंडीत रिक्षातून उतरलो. अप्पा चहाच्या टपरीच्या बाकावर बसले. शेजारी चिमी नावाची बाई काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. मी बुटांचे बंद आवळले आणि चालायला लागलो. मागे वळून बघितलं तर अप्पा माझ्या पायांकडे बघत होते. मी छाती काढून चाललो.

बुटांबद्दल मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही. चिखल, ओलं गवत, दगडांवरून वाहणारं पाणी, कशानेही माझे मोजे भिजले नाहीत. साखरबाईंचं तेल पक्कं होतं. मग ओढा आला. ओढा गुडघ्याएवढा होता. पाणी बुटांच्या वरच्या तोंडातून आत शिरलं आणि तिथेच राहिलं, कारण आता बाहेर जायला वाटच नव्हती. शिवणी मीच बुजवल्या होत्या. दोन पायांत दोन तांबे पाणी घेऊन मी डुबुक डुबुक करत परत आलो. काळदुर्ग मला तिसऱ्यांदाही चढता आला नाही, म्हणजे पहिल्यांदाही.

"दादा," चिमी म्हणाली, "पायात मासं पाळलं हाय काय? वासबी येतो." आणि ती पाटीवर हात टेकून इतकी हसली की तिच्या दोन काकड्या घरंगळल्या.

अप्पांनी माझ्या पायातला बूट काढायला लावला, पाणी ओतलं, आणि तो उलटा करून तळ बघितला. बराच वेळ बघितला.

"जावईबापू," ते म्हणाले, "सहा वर्षं रोज बेटेगाव. आन तळाला एक नवा ओरखडा नाय."

मी ओल्या मोज्यांवर उभा होतो.

"आन हे मुशीचं तेल. कोचीनला होतो तवा तिथले नावाडी लावायचे. मी घरात पाऊल टाकलं तवाच वळखलं." त्यांनी बूट माझ्या हातात दिला. "काल चारचौघांत तुमी बोंबील खाल्ले म्हणून सांगितलं. माझ्यासाठी सांगितलं. बूट नाय वापरले त्याचं वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पण काल तुमी जे केलं ते बी मी बघितलं."

मी म्हणालो, "चुकलं, अप्पा."

"हां." अप्पांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "एक बोलू का? तुमच्या सासूबाई रंभाबाईंनी मला एक्केचाळीस वर्षं श्रावण पाळायला लावला. पलटणीत होतो तवा पत्रातून शपथा घालायची. आता रोज संध्याकाळी फोन करून इचारते, काय खाल्लं म्हणून. आन परवापासून मी तुमच्या घरात ह्यो वास घेतोय. रातीला झोप नाय." ते माझ्या कानाशी वाकले. "बोंबील मिळतील का?"

म्हणजे बघा! मी, त्या ठरावाचा जनक, मी बोंबील आणायचे! पण ज्याने सहा वर्षं थापा मारल्या त्याला नाही म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

सोमवारी संध्याकाळी अर्चना आणि स्नेहल शंकराच्या देवळात गेल्या. बाजारात जायची सोय नव्हती, तिथे अर्धं बोईसर ओळखीचं. सुके बोंबील हमखास असतील असं एकच घर मला माहीत होतं. मी दुसऱ्या मजल्यावर उतरलो आणि बेल दाबली.

"सपनाताई," मी म्हणालो, "चार बोंबील हवे होते."

त्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "शनिवारी चार खाल्ले ना तुमी?"

मी सगळं सांगितलं. माळा, बुरशी, मुशी, अप्पा. सांगून झाल्यावर म्हणालो, "आणि गेल्या वर्षीचं तुमचं खतच होतं. तुम्ही खरं बोलत होता आणि मी तुम्हाला बोलू दिलं नाही. ते मी सभेत सांगीन, सोसायटीच्या वहीत लिहूनही देईन."

"वरीसभर जिन्यात लोक माज्या पिशवीत डोकावत होते," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन डबा घेऊन आल्या. "चला. तुमच्या घरी भाजते. तुमी जाळून ठेवाल. आन नाव तर तुमचं लागलेलंच हाय."

त्यांनी आमच्या गॅसवर बोंबील भाजले, वर तिखट-मीठ आणि तेलाचा थेंब टाकला. अप्पा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताट घेऊन बसले होते, चेहरा पंगतीतल्या पोरासारखा. पहिला तुकडा त्यांनी डोळे मिटून खाल्ला. आणि दाराची बेल वाजली.

हितेश होते. "नवले साहेब, परत? अहो नाव लिहिलेलं पुसायच्या आत?"

आत सपनाताईंनी गॅस बंद केला, अप्पांनी ताट स्टुलाखाली सरकवलं. आणि मी, बोंबलांच्या धुरात उभा राहून, अतिशय दुखावल्या आवाजात म्हणालो, "बूट आहेत." गॅलरीतून बूट आणले आणि हितेशच्या हातात दिले. "घ्या वास. शनिवारीही हेच होते."

हितेशनी बुटात नाक घातलं. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. त्यानंतर त्यांना बोंबील, धूप, रॉकेल, कशाचाही वास आला नसता. "मुशीचं तेल," ते कसंबसं म्हणाले. "माझे आजोबा लावायचे होडीला. मग त्या दिवशी कबूल का केलंत?"

मी मानेने आतल्या बाजूला खूण केली. "वडीलधारे समोर बसले होते. बूट नीट ठेवले नव्हते मी."

हितेश गहिवरले. त्यांनी माझा हात हातात घेतला. "एका सज्जन माणसावर आम्ही संशय घेतला," ते म्हणाले. "आत्ता पुसतो नाव." मी त्यांना सपनाताईंच्या मोगऱ्याचंही सांगितलं आणि वहीत दुरुस्ती करायला लावली. त्यालाही ते हो म्हणाले. शनिवारी मी निर्दोष होतो तेव्हा कुणी मला एक प्रश्न धड विचारला नाही, आणि आज माझा हात धरून डोळे पुसतात! याला न्याय म्हणायचा का, हे तुम्हीच सांगा.

दार लावून मी आत आलो. ताटात एक बोंबील उरला होता. अप्पांनी तो माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. "बसा," ते म्हणाले. "सहा वर्षांत पैल्यांदा जोडीनं काय तरी करू."

मी ठरावाचा विचार केला, शाळेच्या सहलीतल्या केकचा विचार केला, आणि अप्पांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो.

थोड्या वेळाने गॅलरीत उभा राहून मी खाली बघत होतो. हितेश ओल्या फडक्याने फळा पुसत होते. लाल खडू लवकर निघत नाही, त्यामुळे त्यांनी माझं नाव तीनदा पुसलं, आणि वर बघून मला हात केला. मीही हात केला. माझ्या बोटांना वास येत होता, आणि तो बुटांचा नव्हता.